सायनससाठी काढा पिताय का कोणी? ज्येष्ठमध आणि बीपीबद्दल विचारायचंय

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

तीन आठवडे झाले सायनसने वैताग आणलाय. वय ४२, नाशिकला असते, सकाळी लेकाला बसस्टॉपवर सोडायला स्कूटीवरून गारठ्यात जाते आणि घरी येईस्तोवर नाक चोंदलेलं, भुवयांच्या वर ठणका सुरू. काही उचलायला वाकलं की कपाळ जड होतं. रात्री एक नाकपुडी बंद, कूस बदलली की ती सुटते नि दुसरी बंद, पहाटेपर्यंत हेच चालू.

डॉक्टर पहिल्या आठवड्यात म्हणाले व्हायरल आहे, वाफ घ्या. मग मी नेहमीचा चहा पूर्ण बंद करून काढ्यावर आले. दीड कप पाण्यात गवती चहाची पात गाठ मारून, पेरभर आलं ठेचून, तुळशीची चार-पाच पानं, दोन मिरी, उकळून कपभर उरलं की गाळायचं आणि ओढणी डोक्यावर घेऊन कपातली वाफ ओढत ओढत प्यायचं. नाक वाहायला लागतं, वीसेक मिनिटं स्वर्ग, मग परत ये रे माझ्या मागल्या. असं करत करत दिवसाला चार कप झाले आणि आता छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी. २०२० मध्ये आयुषवाला काढा सगळेच पीत होतो ना, तुळस चार भाग, दालचिनी नि सुंठ दोन-दोन, मिरी एक, तेव्हाही माझं हेच झालेलं.

आता सासूबाई म्हणतात आलं-मिरी सोड, ज्येष्ठमध घाल, पोटाला थंड असतं. पुडी आणूनही दिली. पण मला वर्षभर बीपीची गोळी चालू आहे आणि कुठेतरी ऐकलंय की ज्येष्ठमध बीपीवाल्यांना चालत नाही. त्यांना सांगितलं तर म्हणतात, "आमच्या वेळी कुठे होतं गं बीपी?" काय बोलणार.

तर खरं काय ते सांगा. आणि ॲसिडिटी न होता नाक मोकळं करणारं काय घालू, पुदिना चालेल? चहा सोडल्यानेही डोकं दुखतं का हो?

गवतीपात: ताई, ज्येष्ठमध आधी बाजूला ठेवा. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. एखादी काडी चघळलीत तर आभाळ कोसळणार नाही, पण रोजचा काढा नकोच. पुदिन्यातल्या मेंथॉलमुळे नाक उघडल्यासारखं वाटतं, आतली सूज तशीच राहते, आणि जळजळ असेल तर पुदिन्याने ती वाढूही शकते. नुसता गवती चहा घ्या. खरं काम गरम पाणी आणि वाफच करतात, बाकी सगळी चव. मीठपाण्याने नाक धुवून बघा, पण पाणी उकळून कोमट केलेलं, नळाचं थेट नको.

अर्धाकप: चहा सोडल्याने दुखतं की! पण ते एका दिवसात सुरू होतं आणि आठवडाभरात थांबतं, तीन आठवडे नाही चालत. मी चार वर्षं सायनस सायनस करत सुंठ उगाळून कपाळाला लेप लावत होते, निघाली अर्धशिशी. त्यातही नाक चोंदतं, ते माहीतच नव्हतं. तुम्हाला उजेडाचा त्रास होतो का? मळमळ? काही असो, दहा दिवसांच्या वर गेलंय म्हणजे कान-नाक-घसावाल्यांना दाखवाच. डोळ्याभोवती सूज किंवा जोराचा ताप आला तर त्याच दिवशी पळा.

मूळ धागाकर्ती: मळमळ ॲसिडिटीची समजत होते. आणि उजेडाचं विचारलंत म्हणून लक्षात आलं, काढा पिताना मी स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करून बसते, लेक रोज विचारतो अंधारात काय करतेस. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. ज्येष्ठमधाची पुडी सासूबाईंच्या डब्यात परत ठेवली, त्या स्वतः रोज घेतात. त्यांचं बीपी आजवर कोणी मोजलेलं नाही, हे आत्ता लिहिताना डोक्यात आलं, शनिवारी त्यांनाही सोबत नेते.