सल्ला हवा: सूत्रं पाठ आहेत, गणितं चुकतात. नववी-दहावीसाठी तक्ता कसा करावा?

किनारपट्टी:
शिकवणीतल्या मुलांना भौतिकशास्त्राची सूत्रं तोंडपाठ आहेत, पण गणित समोर आलं की कुठलं सूत्र लावायचं तिथेच घोडं अडतं. भिंतीवर लावायला एकपानी तक्ता करायचाय. काय घ्यावं, काय गाळावं? ओहमच्या नियमाचा (व्ही = आय × आर, म्हणजे विभवांतर = विद्युतधारा × रोध) त्रिकोण द्यावा का, ज्यात हवं ते अक्षर झाकलं की उरलेल्या दोघांवरून सूत्र दिसतं?

पाटीपेन्सिल:
तक्ता नंतर, आधी सवय. यू (सुरुवातीचा वेग), व्ही (शेवटचा वेग), ए (त्वरण), टी (वेळ), एस (अंतर) ही पाच अक्षरं एकाखाली एक लिहून दिलेल्या किमती भरायला लावा. जे अक्षर दिलेलंही नाही आणि विचारलेलंही नाही, ते ज्या समीकरणात नसेल तेच समीकरण उचलायचं.

उदा. ताशी ५४ किमी वेगाची गाडी ब्रेक लावल्यावर २५ मीटरवर थांबते, त्वरण काढा. वेळेचा पत्ताच नाही, म्हणून व्ही वर्ग = यू वर्ग + २ × ए × एस. ५४ × ५/१८ = १५ मी/से. मग ० = २२५ + ५० × ए, म्हणजे ए = −४.५ मी/से². 'थांबते' या शब्दात व्ही = ० दडलंय, तेच मुलांना दिसत नाही. ५४ तसंच घातलं तर ५८ च्या वर आकडा येतो, गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ सहापट! असा ब्रेक कुठल्या एसटीला असतो? उत्तर अचाट आलं की आधी एककं बघायची.

दोरी_भोवरा:
+१. चिन्हांचंही सांगा. वरची दिशा धन धरली की जी (गुरुत्वत्वरण) = −९.८ मी/से², चेंडू चढताना आणि उतरतानाही. मुलं मध्येच चिन्ह फिरवतात. १९.६ मी/से वेगाने वर फेकलेला चेंडू २ सेकंदांत १९.६ मीटरवर, ४ सेकंदांनी परत हातात. सर्वांत वर वेग शून्य असतो, त्वरण नाही. हे लाल शाईने लिहा.

भिंगरी:
भिंगाच्या सूत्रात वजा (१/व्ही − १/यू = १/एफ), आरशाच्या सूत्रात अधिक (१/व्ही + १/यू = १/एफ). इथे यू म्हणजे वस्तूचं अंतर, व्ही म्हणजे प्रतिमेचं, एफ म्हणजे नाभीय अंतर. दोन्ही शेजारीशेजारी लावा. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर १० सेमी, वस्तू १५ सेमीवर, म्हणजे यू = −१५. १/व्ही = १/१० − १/१५ = १/३०. बरेच जण इथेच थांबतात, उलटवायचं राहून जातं. व्ही = ३० सेमी, विशालन −२: प्रतिमा उलटी, दुप्पट. भिंगाची शक्ती काढताना मात्र नाभीय अंतर मीटरमध्ये, ०.१ मी, म्हणून १० डायॉप्टर.

किनारपट्टी:
आणि त्रिकोण?

पाटीपेन्सिल:
गाळा. साध्या गुणाकारापुरता तो चालतो. गतिज ऊर्जेत अर्धा आणि वेगाचा वर्ग आला की कोलमडतो. त्यापेक्षा आधी किमती घालून मग समीकरण सोडवू द्या.

दोरी_भोवरा:
ओहमपुरता राहू द्या हो, कच्च्या मुलांना तेवढाच आधार.

भिंगरी:
वीजबिलाची ओळ विसरू नका. १ युनिट = १ किलोवॅट-तास = ३६ लाख ज्यूल. १५०० वॅटचा गिझर २० मिनिटं चालला तर १.५ × १/३ = अर्धा युनिट. मुलं सरळ १५०० ला २० ने गुणतात.