व्हिटॅमिन डी, ऑटिझम आणि जनुकतपासणी: करून घ्यावी का?

नमस्कार. आम्ही डिचोलीजवळ राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. स्पीच थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा म्हापशाला नेतो. मागच्या महिन्यात रक्त तपासलं, व्हिटॅमिन डी 11 आलं (20 च्या खाली कमतरता धरतात). डॉक्टरांनी डोस ठरवून दिलाय. जाऊबाई म्हणतात 60,000 युनिटची पुडी रोज दे, पण जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, त्यामुळे मी सांगितल्यापलीकडे देत नाही.

अडलंय पुढे. एका खासगी लॅबमधून व्हीडीआर (व्हिटॅमिन डी रिसेप्टर) जनुकाची तपासणी सुचवलीय, 'ऑटिझमचं मूळ कळेल' असं सांगून. पैसे बरेच आहेत.

मला समजलं ते असं: डी त्वचेत उन्हाने तयार होतं, आधी यकृतात, मग मूत्रपिंडात बदलून कामाचं होतं आणि पेशीतल्या व्हीडीआर या रिसेप्टरला (डी पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं. त्याचं जनुक 12 व्या गुणसूत्रावर आहे. त्यातले फॉकवन, टॅकवन हे बारीक फरक ऑटिझम असलेल्या मुलांत जास्त दिसतात का, हे बऱ्याच ठिकाणी तपासलं गेलं, पण एका अभ्यासाचा निकाल दुसऱ्याशी जुळत नाही. आणि हेच फरक धडधाकट माणसांतही सर्रास असतात! मग रिपोर्टमध्ये फरक निघाला तरी मुलाबद्दल काय कळणार? आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, जनुकं तपासायचीच तर आधी क्रोमोसोमल मायक्रोअॅरे (गुणसूत्रांचे कमी-जास्त झालेले तुकडे शोधणारी तपासणी) आणि फ्रॅजाइल एक्स (एका आनुवंशिक आजाराची तपासणी) करा. शिवाय हा मुलगा आवाजाला घाबरून अंगणातसुद्धा येत नाही, त्यामुळे डी कमी असणं हा ऑटिझमचा परिणामही असू शकतो ना?

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तो पोटात असताना अख्खा पावसाळा मी घरातच होते. नेदरलँड्समधल्या जनरेशन आर अभ्यासात (2016) गरोदरपणी डी कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी ऑटिझमसारखी लक्षणं जास्त दिसली होती. ती प्रश्नावलीवरून मोजलेली लक्षणं होती, निदान नव्हे, आणि संबंध दिसला म्हणजे तेच कारण असं होत नाही, हेही त्याच वाचनात कळलं. तरी त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

हे सगळं आत्ताच का विचारतेय, तर मला दुसरा महिना चालू आहे. जूनमध्ये सहावा लागेल, म्हणजे पुन्हा पावसाळाच.

कोणी व्हीडीआरची तपासणी केली आहे का, आणि त्यानंतर मुलाच्या उपचारात एक तरी गोष्ट बदलली का? बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जनुकीय सल्ल्यासाठी नेमकं कुठल्या विभागात विचारायचं? आणि पहिलं मूल ऑटिझमचं असताना दुसऱ्या गरोदरपणात तुमच्या डॉक्टरांनी डी केव्हा तपासलं, किती वेळा? मी सोमवारी तपासायला जाणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.