ऑफिसच्या लॅपटॉपवर सीसीटीव्हीच्या क्लिप न दिसण्याबाबत

सचिव: सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गाड्यांना ओरखडे पडल्याच्या तक्रारी आल्यानंतर मी सीसीटीव्हीच्या काही क्लिप ग्रुपवर टाकल्या होत्या. नंबर प्लेट धूसर होऊ नये म्हणून त्या व्हिडिओऐवजी मुद्दाम डॉक्युमेंट म्हणून पाठवल्या. मात्र ऑफिसच्या लॅपटॉपवर पडदा काळा राहतो आणि फक्त आवाज येतो, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. इंटरनेटवाल्याकडे तक्रार करावी काय?

ए-३०४: सचिव साहेब, दोष इंटरनेटचा वाटत नाही. घरच्या त्याच वायफायवर मुलाच्या जुन्या डेस्कटॉपवर, तोही क्रोममध्येच, तीच फाइल व्यवस्थित चालते; कंपनीने याच वर्षी दिलेल्या माझ्या लॅपटॉपवर मात्र वॉचमनची शिट्टी ऐकू येते आणि चित्र काही दिसत नाही. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (व्हिडिओचे काम ग्राफिक्स चिपकडे देण्याची सोय) बंद करण्याचा सल्ला नेटवर सगळीकडे दिलेला आहे. तेही करून पाहिले, फरक पडला नाही.

बी-७०२: फरक पडणारही नाही, कारण इथे तो सल्ला उलटा आहे. आपला नवीन रेकॉर्डर चित्रण एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी या व्हिडिओ आकुंचित करण्याच्या पद्धतीने साठवतो. क्रोमने २०२२ मध्ये १०७ व्या आवृत्तीपासून ही पद्धत स्वीकारली, पण चित्र उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपवर सोपवून. ते काम प्रोसेसरकडून करून घेण्याची पर्यायी सोय त्यात ठेवलेली नाही. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेशन बंद केले की उरलासुरला मार्गही बंद होतो. ते आधी पुन्हा सुरू करा. मग अ‍ॅड्रेसच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम://जीपीयू असे टाइप करा आणि खाली 'व्हिडिओ अ‍ॅक्सिलरेशन इन्फर्मेशन' या तक्त्यात एचईव्हीसी डिकोडची (चित्र उलगडण्याची) ओळ आहे का, ते पाहा.

ए-३०४: पाहिले. एच.२६४, व्हीपी९ आणि एव्ही१ या इतर व्हिडिओ पद्धतींच्या ओळी आहेत, एचईव्हीसीची नाही. कंपनीच्या आयटी विभागाला ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारे सॉफ्टवेअर) नव्याने टाकायला सांगू का?

बी-७०२: सांगायला हरकत नाही, परंतु फार आशा ठेवू नका. एव्ही१ आहे याचा अर्थ चिप नवी आहे आणि तिच्यात एचईव्हीसीची क्षमता असणारच. काही उत्पादक आपल्या व्यावसायिक लॅपटॉपच्या ठरावीक मॉडेलमध्ये ही क्षमता कारखान्यातूनच बंद करून पाठवतात, अशा बातम्या २०२५ च्या अखेरीस आल्या होत्या. तसे असेल तर ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी ती ओळ तक्त्यात येणार नाही. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत तसा उल्लेख असू शकतो. मॉडेलच्या नावाने तो शोधा.

सी-१०१: आम्ही जुन्या पिढीतले, म्हणून विचारतो. चिपमध्ये सोय आहे, तिचे पैसेही चिपच्या किमतीत आले असतील, मग ती बंद करून कोणाला काय मिळते?

बी-७०२: काका, चिपची किंमत वेगळी आणि पेटंटचे शुल्क वेगळे. एचईव्हीसीची पेटंटे अनेक कंपन्यांकडे विखुरलेली आहेत आणि त्यांचे शुल्क वेगवेगळ्या गटांमार्फत वसूल केले जाते, त्यामुळे प्रत्येक यंत्रामागे उत्पादकाला रक्कम मोजावी लागते. एका लॅपटॉपमागे ती किरकोळ असते, पण लाखो लॅपटॉप विकणाऱ्याला ती जाणवते. याच कटकटीतून सुटण्यासाठी मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन २०१८ मध्ये एव्ही१ ही विनाशुल्क पद्धत आणली. माझे स्पष्ट मत असे की, ग्राहकाला विकत घेताना ठळकपणे न सांगता सोय काढून घेणे योग्य नाही.

डी-५०२: माझी अडचण वेगळी आहे. हिंजवडीच्या ऑफिसने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर यूट्यूब अडखळत चालते आणि पंखा जोरात फिरू लागतो. चित्र मात्र दिसते.

बी-७०२: ताई, चित्र दिसते पण अडखळते, याचा अर्थ बहुधा सगळे ओझे प्रोसेसर वाहतो आहे. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेक म्हणजे व्हिडिओच्या पद्धतीसमोर एव्ही०१ (म्हणजेच एव्ही१) दिसले आणि प्रोसेसर इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आधीचा असेल, तर चिपला ती पद्धत येतच नाही. यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१ चा वापर कमी करता येतो का ते पाहा. तिथे व्हीपी९ दिसत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपचा, 'व्हिडिओ डिकोड' आलेख हलतो का ते बघा. तो सपाट असेल तर तुमच्या बाबतीत अ‍ॅक्सिलरेशनच बंद असावे. ते कंपनीच्या धोरणाने बंद केले असेल, तर क्रोम://पॉलिसी या पानावर कळेल आणि मग आयटी विभागाशिवाय इलाज नाही.

सचिव: सविस्तर माहितीबद्दल आभार. मग रेकॉर्डर सरसकट एच.२६४ वर न्यावा काय?

बी-७०२: तसे करू नये, असे मला वाटते. तेवढ्याच दर्जाच्या चित्राला एच.२६४ साधारण दुप्पट जागा घेते, त्यामुळे आज जितक्या दिवसांचे चित्रण हार्ड डिस्कवर राहते त्याच्या जेमतेम निम्म्या दिवसांचे राहील, आणि ओरखड्याची तक्रार बहुतेक वेळा सभासद गावाहून परतल्यावर येते. फक्त मुख्य गेट आणि बेसमेंटचा उतार हे दोन कॅमेरे एच.२६४ वर घ्यावेत. जुन्या क्लिप आहेत तशाच राहतील. ज्यांना हव्या असतील त्यांच्यासाठी मी घरच्या संगणकावर हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या सॉफ्टवेअरने त्या एच.२६४ मध्ये बदलून देतो. घरच्या मशीनवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर असेल तर त्याचीही गरज नाही, कारण त्याचा स्वतःचा डिकोडर (चित्र उलगडणारा भाग) असतो. कंपनीच्या लॅपटॉपवर मात्र परवानगीशिवाय कोणीही काही इन्स्टॉल करू नये.

ए-३०४: मला बेसमेंटच्या दोन क्लिप बदलून हव्या आहेत. विम्याच्या दाव्यासाठी नंबर प्लेट वाचता यायला हवी, म्हणून रिझोल्यूशन कमी करू नये, ही विनंती.

सचिव: कॅमेऱ्यांचा तंत्रज्ञ शनिवारी सकाळी येणार आहे. बी-७०२ यांनी त्या वेळी सोसायटीच्या ऑफिसात उपस्थित राहावे, रेकॉर्डरचा पासवर्ड माझ्याकडे आहे.