वक्र पन्हळीतली गोटी मागे का पडते? मदत हवी आहे (तातडीचं)

उतरण
दोन पन्हळी केल्या आहेत. एक सरळ, एक वाकडी. दोन्ही एकाच उंचीवरून सुरू होतात, एकाच जागी संपतात. सगळीकडे वाचलं की वाकडीतली गोटी आधी पोहोचते. माझ्याकडे दरवेळी सरळवाली जिंकते! परवा मुलीला वर्गात दाखवायचं आहे. काय चुकतंय? आणि खाली दोघींचा वेग सारखाच असतो ना, मग वेळ वेगळा का लागावा?

लोलक
वाकडी म्हणजे कशी? खोलगट की फुगीर? उंची, आडवं अंतर? गोटी कशाची? फोटो टाका.

उतरण
वाकडी म्हणजे घसरगुंडीसारखी. काचेची गोटी. उंची ४० सेंमी. घाई आहे, प्लीज.

सरळमार्गी
तुमचा प्रयोग बरोबरच आहे. दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा रस्ता सरळ रेषा. गोटीला कमी अंतर कापायचं, ती आधी पोहोचणारच.

लोलक
नाही. जवळचा रस्ता आणि लवकरचा रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोलगट पन्हळीत गोटी सुरुवातीलाच झपकन खाली येते, वेग आधीच मिळतो आणि उरलेलं अंतर त्या वेगाने कापते. उतरण, तुमच्या शंकेचं उत्तरही हेच. शेवटचा वेग उंचीवर ठरतो (घर्षण सोडून), पण वेळ ठरतो तो वेग *कधी* मिळाला त्यावर.

आकाशवेडा
मुळात गुरुत्वाकर्षण ही ओढ नाहीच. आइनस्टाइनने १९१५ मध्ये मांडलं की वस्तुमानामुळे अवकाशकाल (जागा आणि वेळ मिळून) वाकतो आणि ग्रह त्यातल्या शक्य तितक्या सरळ वाटेनेच जातात. १९१९ च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वळलेला मोजला गेला. मुलीला हे नक्की सांगा, आयुष्यभर लक्षात राहील.

उतरण
छान आहे, पण माझी गोटी टेबलावर आहे हो.

कंपासपेटी
वर्तुळाचा कंस घ्या, काम फत्ते. सरळ उतारापेक्षा कंसावरून लवकर येतं हे गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवलंय. मीही कंसच वापरला होता.

लोलक
ते खरं, पण कंस *सगळ्यात* जलद हा त्याचा समज चुकीचा निघाला. योहान बर्नुलीने १६९६ मध्ये हेच कोडं सगळ्यांपुढे टाकलं. न्यूटन, लायब्निझ यांनी सोडवलं. उत्तर सायक्लॉइड, म्हणजे लोळत्या चाकाच्या काठावरचा बिंदू जी कमान काढतो, ती उलटी.

कंपासपेटी
वर्गातल्या मुलांना तो फरक दिसणार आहे का? कंपासने दोन मिनिटांत होतं ते करू द्या की.

लोलक
बरं, सरळला हरवायला कंसही पुरेल. उतरण, "घसरगुंडीसारखी" यावर मी अडलोय. घसरगुंडी वर सपाट असते. तुमचीही तशीच आहे का?

उतरण
हो, वर साधारण १२ सेंमी जवळजवळ सपाट आहे. नाहीतर गोटी ठेवणार कुठे? हे महत्त्वाचं आहे असं वाटलं नव्हतं.

लोलक
सगळं तिथेच अडलंय! गोटी त्या सपाटीवर रेंगाळते आणि तोवर सरळवाली अर्धी उतरलेली असते. सायक्लॉइडची सुरुवात थेट उभी असते. सपाट तुकडा कापून टाका, गोटी पट्टीने अडवून धरा. दोन्ही गोट्यांना एकच पट्टी, एका झटक्यात उचलायची. दोन हातांनी सोडल्या तर प्रयोग वाया.
आकारासाठी ४० सेंमी व्यासाची पुठ्ठ्याची चकती भिंतीलगत लोळवा, काठावर पेन्सिल बांधून. त्यातली अर्धी कमान घ्या, उंची ४०, आडवं अंतर सुमारे ६३ सेंमी येईल.

सरळमार्गी
मी करून पाहिलं. वायर वाकवून, मणी घालून. वक्र जिंकली. माझं म्हणणं मागे घेतो.

सुतारकाम
दोन्ही पन्हळी एकाच रुंदीच्या आहेत ना? अरुंद पन्हळीत गोटी काठांवर टेकून लोळते, जास्त ऊर्जा गिरकीत जाते आणि ती मंदावते. हे कुणीच विचारलं नाही.

उतरण
रुंदी एकच आहे. सपाट तुकडा कापला, वाकवून नीट बसवली, वाकडी जिंकली!! पण फरक इतका थोडा की मुलीला दिसतच नाही.

लोलक
दिसणार नाहीच. या मापात गोटी लोळत आली तर सरळला सुमारे ०.६३ सेकंद, सायक्लॉइडला ०.५३. शेवटी दोन्हीकडे लाकडी ठोकळा ठेवा आणि डोळे मिटून ऐकायला सांगा.

उतरण
टक्... टक्. दोन वेगळे आवाज. मुलगी दहा वेळा सोडायला लावतेय. मनापासून आभार. आता ती विचारतेय, वाकडीत गोटी मधूनच सोडली तर?

लोलक
खरा सायक्लॉइड असेल तर कुठूनही सोडा, तळाला यायला तितकाच वेळ. हायगेन्सने १६५९ मध्ये शोधलं. तुम्हाला दोन सारख्या वाकड्या पन्हळी लागतील.