मदत हवी आहे: स्वादुपिंडाला सूज, पोट टणक, लघवी कमी. पोटातला दाब मोजायला सांगावा का?

माझे मामा (वय ५२, अमळनेर तालुका) जळगावला आयसीयूत आहेत. पित्ताचे खडे, त्यातून गंभीर पॅन्क्रिएटायटिस. सुरुवातीला सलाईन भरपूर चढवलं. आता पोट सारखं फुगतंय. संध्याकाळी आत सोडलं तेव्हा मामा एवढंच बोलले, "पोट भलतं फुगी गयं रे." कातडी ताणून चकचकीत झालीय. पिशवीत लघवी तासाला जेमतेम १५ मिली, गडद चहासारखी. धाप वाढलीय, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं माप) चढतंय.

डॉक्टर चांगले आहेत, पण राऊंडला मिनिटभरच भेटतात. पोटातला दाब वाढून किडनी बंद पडते असं वाचलं. हे तेच आहे का? नाशिकला हलवावं का? मामी सारखी विचारतेय, काय सांगू?

प्रतिसाद १

मी आयसीयूत डॉक्टर आहे. पेशंट न पाहता निदान करणार नाही, पण तुमची शंका रास्त आहे. सकाळच्या राऊंडची वाट पाहू नका, आत्ताच ड्युटी डॉक्टरांना गाठा. "ब्लॅडर प्रेशर मोजलं का, किती आलं?" एवढंच विचारा. म्हणजे मूत्राशयातून मोजलेला पोटातला दाब.

हात लावून हा दाब नीट कळत नाही. लघवीची नळी आहेच, तिच्यातूनच मोजतात: पेशंट सपाट झोपवून, मूत्राशयात जास्तीत जास्त २५ मिली सलाईन सोडून, श्वास सुटल्यावर. आयसीयूतल्या पेशंटचा साधारण ५ ते ७ मिमी पारा असतो. १२ पासून वाढलेला धरतात. २० च्या वर टिकला आणि सोबत किडनी, फुफ्फुस असा एखादा अवयव नव्याने ढासळला, तर ते अ‍ॅब्डॉमिनल कंपार्टमेंट सिंड्रोम. एका मापावर थांबत नाहीत, दर ४ ते ६ तासांनी मोजतात.

लघवी कमी म्हणून सलाईन वाढवत नेलं तर इथे उलटंही होतं. आतड्यांना सूज, पोटात पाणी, दाब आणखी वर. म्हणून पाणी मोजून देतात. नाकातून नळी टाकून जठर रिकामं करणं, वेदना कमी आणि पोटाचे स्नायू सैल राहतील अशी औषधं, सोनोग्राफीखाली सुई घालून पाणी काढणं, गरज पडली तर डायलिसिस. एवढं करूनही दाब उतरला नाही तर सर्जन पोट उघडून मोकळं करतात. मोठं ऑपरेशन आहे, धोकाही मोठा, पण तेव्हा जीव वाचवायला तेच उरतं.

हलवण्याचं: तिथे व्हेंटिलेटरचा बेड, डायलिसिस आणि सर्जन आहेत हे फोनवर पक्कं झाल्याशिवाय गाडी काढू नका. गाडीही डॉक्टर सोबत असलेली हवी.

धागाकर्ता

खूप आभार डॉक्टर. लगेच विचारलं. दाब मोजला, २२ आला. नाकातून नळी टाकलीय, सलाईन कमी केलंय, रेडिऑलॉजिस्टना बोलावलंय पाणी काढायला. सर्जनही येऊन बघून गेले. हलवायचं तूर्त थांबवलं. पुढचं माप पहाटे आहे.

एक विचारायचं राहिलं. पोट उघडावंच लागलं तर ते उघडं किती दिवस ठेवतात? मामीला आधीच समजावून ठेवायचंय.