विषय: कॅम्परचं ऑनिंग आणि जूनमधला वारा – सोलापूर मुक्काम

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आपले दोन कॅम्पर (आत राहायची सोय असलेल्या गाड्या) सोलापूर भागात असतील. एक रात्र हिप्परगा तलावाजवळ, दोन रात्री उजनीच्या पाणफुगवट्याकाठी. दोन्ही गाड्यांना कुशीला गुंडाळणारं ऑनिंग, म्हणजे कापडी छत, आहे: ४ मीटर लांब, अडीच मीटर बाहेर येणारं, पुढचे दोन पाय जमिनीवर टेकणारे. मेखा कोणत्या, दोर किती, आणि पाऊस आला तर उघडं ठेवायचं की मिटायचं? सोलापुरातल्या काकांनी जरा सविस्तर सांगावं.

प्रेषक: सोलापूर

नमस्कार,
मेखांच्या आधी वाऱ्याचं बोलतो. ऑनिंग उन्हासाठी आणि भुरभुर पावसासाठी असतं. वारा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेला की ते मिटायचंच, कितीही आवळून बांधलेलं असो. तुमचं कापड १० चौरस मीटरचं आहे. ताशी ३० च्या वाऱ्याचा त्यावर साधारण ४३ किलोचा जोर येऊ शकतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे ताशी ६० ला पावणेदोनशे किलोच्या घरात. शिवाय वारा खालून शिरला तर कापड वर उचलतो आणि सगळा सांगाडा टपावर उलटा पडतो. उजनीकाठी तर पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला आडोसाच नसतो, म्हणून तिथे ऑनिंगची बाजू पाण्याकडे ठेवू नका.

जूनमध्ये दुपारनंतर ढग दाटले आणि अंगाला एकदम गार वारा लागला की पाऊस मागोमाग असतो. ती मिटायची वेळ. विजा दिसल्या तर धातूच्या पायांना हात न लावता आत जा.

आता माती. काळी माती कोरडी असताना भेगाळलेली असते, भिजली की चिखल. गाडीसोबत आलेल्या वीतभर मेखा पहिल्याच पावसात सुटतात. काळ्या मातीत ४० ते ४५ सेंटिमीटरच्या पिळाच्या मेखा घ्या आणि भेग टाळून फिरवा. मुरमात पीळ फिरत नाही. तिथे १२ मिलिमीटरची सळई पहारीने भोक पाडून ठोका, डोकं गाडीपासून बाहेर झुकलेलं. खाली कातळ लागला तर दर कोपऱ्याला २० लिटरचे दोन भरलेले कॅन. पायांखाली फळीचा तुकडा हवाच, नाहीतर एक पाय रुततो आणि उतार बिघडतो. आषाढीला पंढरपुरात राहुट्या नीट बघितल्यात तर दिसेल, तिथेही दोराइतकीच काळजी जमिनीची घेतात.

दर कोपऱ्याला एक पट्टा, कापडाच्या पुढच्या काठाच्या नळीच्या टोकापासून ४५ अंशांत बाहेर. पायाच्या मध्यावर बांधू नका, तिथे पाय वाकतो. पट्ट्यात एक स्प्रिंग घाला, झोत आला की झटका ती खाते. पट्टा कापडावरून आडवा टाकू नका, घासून कापड जातं. फार आवळलं तर नळी मधोमध वाकते आणि पुन्हा सरळ गुंडाळत नाही. दोन्ही बाजूंच्या काठांना रबर लावलेले दोन-दोन चिमटे लावून कापड दांड्याशी जखडा. कापडाची शिवण बहुतेक वेळा फडफडीनेच उसवते.

पावसासाठी एक पाय दुसऱ्यापेक्षा ३० सेंटिमीटर खाली, दाराच्या उलट बाजूचा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे या कापडावर १० लिटर पाणी. झोळ पडला तर झाडूने खालून ढोसू नका, पाणी एका बाजूला धडकतं आणि दांडा पिळवटतो. आधी खालचा पाय हळूहळू आणखी उतरवा.

प्रेषक: सहल समिती

काका, रात्रीचं काय? आणि ओलंच गुंडाळलं तर चालेल का?

प्रेषक: सोलापूर

रात्री मिटूनच झोपा, आकाश निरभ्र असलं तरी. वादळात ओलं गुंडाळणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी ऊन पडताच उघडून दोन्ही बाजूंनी वाळवा. व्हिनाइलच्या कापडातून हवा खेळत नाही, बुरशीचे काळे डाग पडले की सहजासहजी निघत नाहीत. गाडी हलवण्याआधी दोन्ही दांड्यांची कुलपं लागलीत का ते हाताने ओढून बघा.

प्रेषक: एक सदस्या, डॅलस

एक भर घालते. विजेच्या मोटारीने उघडमीट होणाऱ्या ऑनिंगला वाऱ्याचा सेन्सर असेल तर पट्टे बांधताना तो बंद करा. नाहीतर वारा आला की मोटार कापड आत ओढते, पट्टा सोडत नाही आणि दांडा वाकतो. सेन्सर बंद असेल तेव्हा ऑनिंग उघडं टाकून कुणीही फिरायला जायचं नाही. पट्टे झटक्यात सुटणाऱ्या बकलचेच घ्या. बॅटरी उतरली तर हाताने कसं मिटायचं ते गाडी ताब्यात घेतानाच करून बघा, ती कळ कुठे आहे हे पावसात शोधता येत नाही.

प्रेषक: सहल समिती

दोन गाड्यांसाठी यादी केली: पट्टे ४, स्प्रिंगा ४, चिमटे ८, पिळाच्या मेखा ६ (दोन जादा), सळया ४, फळ्या ४, कॅन ८.

प्रेषक: सोलापूर

पट्टे, स्प्रिंगा, चिमटे तिकडून आणा. सळया, फळ्या, कॅन, पहार आणि घण इथे तयार ठेवतो.