दुधाच्या पिशवीमागचे ५० पैसे: प्लास्टिकबंदीचा कायदा नेमका कोणासाठी?

नदीकाठ (धागाकर्ता):
महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी काढली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, दंडाची कारवाई सुरू झाली. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास, अशी तरतूद तिच्यात होती. या कायद्याला माझा तेव्हाही पाठिंबा होता आणि आजही आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईचे नाले कशाकशाने तुंबले होते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना बंदीचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

या धाग्यात मला त्या अधिसूचनेतल्या एकाच तरतुदीबद्दल बोलायचे आहे. दुधाच्या पिशवीला बंदीतून सूट देताना, ती ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असावी आणि तिच्यावर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत, म्हणजे रिकामी पिशवी परत घेताना द्यायची रक्कम, छापलेली असावी, अशी अट घातली गेली. माझ्या घरी रोज दोन पिशव्या येतात. आजवर एकाही विक्रेत्याने मला ते ५० पैसे परत दिलेले नाहीत. मागितले तेव्हा त्यांना असे काही असते हेच ठाऊक नव्हते. बंदी मोडणाऱ्या भाजीवाल्याला जागेवर पावती फाडावी लागते आणि पुनर्खरेदीची अट मात्र कागदावरच राहते. माझी मागणी एवढीच आहे की कायदा आणखी कडक व्हावा आणि तो आधी उत्पादकावर चालावा.

भुसारी (विरोध):
आपला हेतू चांगला आहे, परंतु कायद्याची झळ मी सोसली आहे. माझे लहान किराणा दुकान आहे. तपासणीला आलेल्या पथकाने गल्ल्याखालच्या पिशव्या काढून दंड केला, आणि त्याच वेळी दारावर वेफर्सच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या, त्यांना कोणी हात लावला नाही. त्या पुड्यांमध्ये प्लास्टिक आणि धातूचा मुलामा एकमेकांना चिकटवलेले असतात. भंगारवाला त्या फुकटही नेत नाही. केंद्राने पिशव्यांच्या किमान जाडीची मर्यादा ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली, तर राज्यात हाताने धरायच्या पिशव्यांना सरसकट बंदी आहे. घाऊक व्यापारी ‘ही चालते’ म्हणून माल देतो. शंभर आणि एकशेवीस मायक्रॉनमधला फरक मी बोटांनी चाचपून कसा ओळखावा? असा कायदा आणखी कडक झाला, तर तो माझ्यासारख्यावरच कडक होईल.

गोठा (विरोध):
मी दूध उत्पादक आहे, म्हणून हिशेब मांडतो. अर्ध्या लिटरच्या पिशवीमागे ५० पैसे म्हणजे लिटरमागे एक रुपया. संघाचा खर्च वाढला की तो ग्राहकावर पूर्ण टाकता येत नाही आणि कपात आमच्या दरात होते, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. शिवाय न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते, तिला मुंग्या लागतात. पहाटे चारला दूध टाकणाऱ्या मुलाने त्या परत कोठे ठेवायच्या?

स्वयंपाकघर:
पिशवी धुऊन, खिडकीच्या गजाला वाळत घालून, महिन्याच्या शेवटी रद्दीवाल्याला वजनावर देण्याची पद्धत आमच्या घरात सासूबाईंपासून आहे. मात्र पिशवीचा कापलेला कोपरा, नखाएवढा त्रिकोण, मोरीतून थेट गटारात जातो आणि तो कोणीही वेचू शकत नाही. कोपरा तोडून न टाकता नुसती चीर द्यावी, ही सूचना पिशवीवर ठळक छापणे कायद्याने सक्तीचे करावे.

नदीकाठ:
गोठा, आपली भीती खरी आहे, परंतु अनामत रक्कम आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहक ५० पैसे आधीच भरतो आणि पिशवी परत केली की त्याचेच पैसे त्याला मिळतात. जी पिशवी परत येत नाही, तिचे पैसे संघाकडेच राहतात. तमिळनाडू शासनाच्या मद्यविक्री दुकानांनी २०२२ मध्ये निलगिरीत बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणली की ते परत देण्यास सुरुवात केली. ती काचेची बाटली आहे, हे मान्य; पण जंगलात फेकली जाणारी वस्तू पैशांमुळे दुकानात परत येते, हे तिथे दिसले. गोळा करण्याचे काम पहाटेच्या मुलावर न टाकता रद्दीच्या दुकानांकडे द्यावे. दुधाची पिशवी पॉलिथिनची असल्यामुळे त्यांच्याकडे तिला आजही भाव आहे.

भुसारी यांचे वेफर्सच्या पुड्यांबद्दलचे म्हणणे मला पूर्ण पटते. केंद्राने २०२२ मध्ये वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली खरी, पण ती पुनर्वापर करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊनही पार पाडता येते. त्यामुळे कागदावर हिशेब जुळतो आणि आपल्या ओढ्यातली पुडी तिथेच राहते. म्हणूनच ज्या पुडीचा पुनर्वापर होत नाही, ती बनवण्यावरच मुदत घालून बंदी आणावी, असे माझे मत आहे.

भुसारी:
पुडीवरील बंदी कारखान्यात होणार असेल, तर माझा पाठिंबा आहे. दुधाच्या पिशव्याही मी दुकानात परत घेईन. परंतु मी सकाळी गिऱ्हाईकाला दिलेले ५० पैसे वितरकाने दुसऱ्या दिवशीच्या बिलातून वजा केले पाहिजेत आणि तसे नियमात लिहिलेले असले पाहिजे. तोवर माझा विरोध कायम समजावा.